कक्ष एक्केचाळीसचं गवत

"हे हिरवं कायचं हाय, मॅडम?"

लालमनदादांनी नकाशावर बोट टेकवलं आणि मी दचकले. नकाशा त्याच सकाळी अमरावतीहून छापून आला होता. टेबल झाकून टाकणारा, चकचकीत, आणि माझ्या नावाचा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'नकाशा: शर्मिला मगदूम' असं छापलं होतं, आणि ते मी सकाळपासून सात वेळा वाचलं होतं.

"दादा, हात नका लावू. डाग पडेल."

बोट उचललं गेलं, नजर नाही. लालमन कास्देकर म्हणजे आमच्या धारखोरा वनपरिक्षेत्रातले सगळ्यात जुने अग्निरक्षक. वय कागदावर अठ्ठावन्न, आणि तो कागद किती वर्षांपूर्वीचा ते कुणी विचारत नसे. वणवा लागला की सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि विझला की सगळ्यांच्या नंतर चहा घ्यायचे.

"हिरवं म्हणजे नुकतंच जळून गेलेलं," मी म्हटलं. "तिथे यंदा जाळायचं नाही. लाल म्हणजे बरीच वर्षं न जळालेलं. ते यंदा आपण आपल्या हातानं जाळायचं."

"अन् हा एक्केचाळीस हिरवा?"

"सगळ्यात हिरवा. दहा वर्षांत सत्तावीस वेळा जळालाय तो."

लालमनदादांनी माझ्याकडे पाहिलं, मग तायडे साहेबांकडे, मग परत नकाशाकडे. "सत्तावीस," ते म्हणाले. "बम झालं." म्हणजे पुष्कळच झालं. आणि हसले. मला ते हसू अजिबात आवडलं नाही.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि सांगलीहून थेट सातपुड्यात, कंत्राटी नोकरीवर आले होते. हुद्दा लांबलचक, काम एकच. गेल्या दहा वर्षांत या जंगलात कुठे कुठे आगी लागल्या त्या नोंदी जुन्या रजिस्टरांतून काढून कॉम्प्युटरच्या डेटाबेसमध्ये भरायच्या, उपग्रहानं टिपलेले आगीचे ठिपके त्यांच्याशी जुळवायचे, आणि कुठल्या कक्षातलं गवत कधी जाळायचं त्याचा नकाशा काढायचा. कक्ष म्हणजे जंगलाचे पाडलेले तुकडे, प्रत्येकाला एक नंबर.

वनखातं आपलंच रान का जाळतं, असं मलाही आल्या आल्या वाटलं होतं. तिथल्या डोंगरमाथ्यांवर गवताची सपाट रानं होती, त्यांना आमच्याकडे पाट म्हणत. ते गवत आगीवरच पोसलेलं. चार-पाच वर्षं आग लागली नाही की जुनं वाळकं गवत खालच्या कोंबांना दाबून टाकतं, मध्ये घाणेरी घुसते, चितळं फिरकेनाशी होतात. आणि मग एखाद्या एप्रिलात ठिणगी पडली की ते असं भडकतं की झाडंही उरत नाहीत. म्हणून थंडीत, दंव असताना, पाळीपाळीनं थोडं थोडं जाळून घ्यायचं. पंधरा फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू झाला की रानात काडीसुद्धा ओढायची नाही. आणि त्या दिवशी तारीख होती एकवीस जानेवारी.

"मॅडम, एक इचारू?" लालमनदादा म्हणाले. "एकडाव जळालं गवत दोन महिन्यानं पुन्हा कायनं जळते?"

"म्हणजे?"

"सत्तावीस डाव म्हणता नं. वर्साचे तीन डाव झाले."

मी उत्तराची जुळवाजुळव करायला लागले, पण तायडे साहेबच मदतीला आले. आमचे हे वनक्षेत्रपाल अंगानं आणि मनानं ऐसपैस. रागावले तरी पाच मिनिटांत स्वतःच चहा मागवायचे. "दादा, रजिस्टरात आहे ते. दरवर्षी आहे. मी वर्षभरापूर्वी क्षेत्रपाल होऊन आलो तेव्हा पहिल्यांदा तेच पाहिलं."

"रजिस्टरात हाय, साहेब. पाटावर नाही. नऊ वर्सं झाली सांगून राहिलो. त्याच्या खाली आमची घरं हायेत."

"मी उपग्रहाचे ठिपकेही तपासलेत," मी ठसक्यात म्हटलं. म्हणताना जीभ जराशी अडखळली, ती का, ते पुढे सांगते.

"मंग तुमी एकडाव पाहाले चाला. उद्या अडतीसचा सांगावा हाय. सारी बोरधडी येते. वाट एक्केचाळीसातूनच जाते."

"सांगावा?"

"रान जाळाच्या आधल्या दिवशी सांगा लागते नं. रानाले."

साहेब हसून म्हणाले, "जाऊन या, मगदूम मॅडम. नकाशा परवा वर पाठवायचा आहे, तोवर तुम्हालाही काम नाही. एकदा वर गेला की तीन वर्षं बदलत नाही तो. पाहून घ्या डोळे भरून."

गेले खरी, पण मजा बघायला.

बोरधडी म्हणजे चाळीस घरांची कोरकू वस्ती, बरोबर पाटाच्या पोटाशी. कुडाच्या भिंती, बऱ्याच घरांवर अजून गवताचंच छप्पर. सकाळी आठला सगळे जमले. बायांच्या हातात थाळ्या, पोरांच्या हातात तेलाचे रिकामे डबे. लालमनदादांच्या बायको फुलमाय सगळ्यांच्या पुढे. मी खांद्याला पिशवी, हातात जीपीएस यंत्र आणि डोक्यावर नवी कोरी टोपी घालून त्यांच्या मागे निघाले. सासरी निघाल्यासारखी दिसतेस, असं कुणीतरी म्हणालं असावं, कारण बाया माझ्याकडे बघून हसत होत्या.

चढ संपला, पाट लागला आणि वाट नाहीशी झाली.

"दादा, वाट कुठाय?"

"चाला पुढं. हाय नं."

मी पुढे चालले. चालले म्हणजे घुसले. आधी गवत कमरेला आलं, मग खांद्याला, मग टोपी गेली. माझी उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, ते गवत माझ्या डोक्यावर हातभर. पायाखाली जमीन लागेचना. वाळक्या गवताच्या गादीवर गादी, पाय टाकला की खचायचा आणि खालून कुबट वास यायचा. मधेच पळसाची मनगटाएवढी झाडं, मधेच घाणेरीचे काटे. मी बसून दोन्ही हातांनी ती गादी उकरली. कोपरापर्यंत हात गेला तरी गवतच. राख नाही, काळी काडी नाही.

यंत्रात पाहिलं. कक्ष एक्केचाळीस. बाहेर येऊन पुन्हा पाहावं म्हटलं, तर बाहेर कुठल्या दिशेला तेच कळेना. थाळ्यांचा आवाज चारी बाजूंनी येत होता.

"दादाऽऽ!"

गवतापलीकडून लालमनदादांचा आवाज आला. एकदम शांत, आदबशीर. "मॅडम, त्या जळालेल्या गवतातून बाहेर या नं आता."

सगळी बोरधडी हसली. मी रडायचीच बाकी होते, पण मलाही हसू आलं.

अडतीसला पोचल्यावर रांग पसरली आणि सांगावा सुरू झाला. थाळ्या वाजवत, डबे बडवत सगळे गवतातून चालत गेले आणि ओरडत गेले, "उठा रे, उद्या अंगार येते! सशा, पोरं घेऊन जा! लाव्या, अंडी नको देऊ! घोरपडी, बिळात खोल जा!" खरोखरच ससे उठले, लाव्यांचा एक थवा भुर्रकन गेला. पोरं प्रत्येकाला नीट निरोप देत होती, पाहुण्याला पोचवायला आल्यासारखी.

परतताना फुलमायनी मला पाटाच्या कडेला बसवलं आणि त्या माझ्या सलवारीत रुतलेली कुसळं एकेक करून काढायला लागल्या.

"दुखते का, बाई?"

"नाही हो."

"दुखू दे थोडं. ध्यानात राहाते."

आम्ही बसलो होतो तिथून दगड टाकला तर त्यांच्या घरावर पडला असता. पाठीमागे ते डोक्यावर गेलेलं गवत, समोर खाली चाळीस छपरं. मी विचारलं, "उन्हाळ्यात भीती नाही वाटत?"

"फागुन लागला का गाठोडं बांधतो आमी. कपडे, बियाणं, कागदपत्रं, लेकराची पुस्तकं. दाराशी ठेवतो. पहिलं पाणी पडलं का सोडतो."

"दरवर्षी?"

"नऊ वर्सं. मोठी पोरगी लगीन होऊन गेली, तिचंबी गाठोडं मीच बांधत होती. आता तं तिचा पोरगा सुट्टीत येते, त्याचं बी बांधते. एवढंसं." त्यांनी हातानं एवढंसं दाखवलं आणि पुढचं कुसळ काढलं.

मला एकदम लाज वाटली. माझ्या नकाशात ती चाळीस घरं एका काळ्या टिंबात बसली होती, आणि टिंबाच्या डोक्यावर मी सुंदर हिरवा रंग दिला होता.

दुपारी मी थेट चौकीवर गेले. तिथला वनरक्षक प्रफुल्ल हरणे, माझ्याच वयाचा, नेहमी इस्त्रीचा गणवेश घालणारा. मी म्हटलं, "आगीची रजिस्टरं काढा. दहाही वर्षांची."

"डेटा तर तुम्ही भरला ना, मॅडम?"

"भरला. आता वाचते."

भरताना मी नुसते आकडे उचलले होते, आता अक्षर पाहिलं. सत्तावीस नोंदी, पाच-सहा जणांच्या हातच्या, आणि सगळ्यांचं वाक्य एकच. 'कक्ष ४१. गवत जळाले. नुकसान निरंक.' एका वर्षी फेब्रुवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्येही. सगळ्यात अलीकडची अक्षरं मोत्यासारखी, वळणदार. मी ती हरणेसमोर धरली.

हरणेनं टोपी काढली, पुन्हा घातली. "मॅडम, कसं आहे, झाडाच्या कक्षात आग लागली की विचारतात, झाडं किती गेली, रोपवन किती गेलं, तू कुठं होता. मेमो येतो, चौकशी लागते. गवत जळालं तर कोणी काही विचारत नाही. एक्केचाळीसमध्ये गवताशिवाय काहीच नाही. म्हणून..."

"म्हणून साऱ्या जंगलाच्या आगी तिथे लावल्यात?"

"साऱ्या नाही! माझ्या दोनच. देवाशपथ. बाकीच्यांनी त्या आधीच लिहिल्या होत्या. मला वाटलं, दोनानं काय होतंय."

मी मोजलं. कुणाच्या दोन, कुणाच्या चार, एकाच्या नऊ. प्रत्येकाला वाटलं होतं दोनानं काय होतंय. आणि कागदावर दरवर्षी जळणाऱ्या पाटाला जाळायची परवानगी कोण देणार? म्हणून खरा पाट नऊ वर्षं तसाच, थरावर थर.

मला हरणेवर चांगलं कडाडायचं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मला माझे ठिपके आठवले.

उपग्रहाचे सहा वर्षांचे ठिपके माझ्याकडे होते. त्यातले अकरा रजिस्टराशी जुळत नव्हते. रजिस्टर म्हणत होतं एक्केचाळीस, ठिपके पडले होते एकोणचाळीस, चाळीस, त्रेचाळीसात. मी ठरवलं, उपग्रह आकाशात एवढ्या उंचावर, चुकत असेल किलोमीटरभर. आणि एकेक ठिपका माउसनं उचलून एक्केचाळीसमध्ये नेऊन ठेवला. सगळं कसं छान जुळलं. शेजारच्या खोलीत साहेब घोरत होते, आणि मी स्वतःवर खूश होऊन गाणं गुणगुणत होते, हेही मला स्पष्ट आठवलं.

हरणेच्या दोन. माझ्या अकरा.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी द्या जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले. टेबलावर नकाशाची गुंडाळी, लिफाफा तयार, जीप दारात. रात्रभर मी दोन भाषणं पाठ केली होती आणि दोन्ही विसरले.

"साहेब, नकाशा पाठवू नका. चुकलाय."

"अहो, छापून आला ना?"

"छापून चुकलाय."

मग मी सगळं सांगितलं. आधी माझे अकरा ठिपके, मग गवत, मग रजिस्टरं. हरणेचं नाव घेतलं नाही, पण तो दारात उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर ते छापल्यासारखं दिसत होतं. त्याच्या मागे लालमनदादा. साहेब ऐकता ऐकता लाल होत गेले.

"दहा वर्षं खोट्या नोंदी! माझ्या परिक्षेत्रात! कुणी सुरू केलं हे? आणा, पहिलं रजिस्टर आणा इकडे."

मी दिलं. पहिली एक्केचाळीसची नोंद त्यात मार्च महिन्यातली होती, सहीच्या जागी नुसतं वेटोळं. मी काही ते ओळखू शकले नव्हते. साहेबांनी पान उलटलं, चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. बाहेर जीपचं इंजिन सुरू होतं.

"ही सही माझी आहे," ते म्हणाले.



"मी तेव्हा इथं वनपाल होतो. नवाच. एकोणचाळीसमध्ये सागाचं रोपवन केलं होतं, मागच्या पावसाळ्यातलं. माझ्या हातचं पहिलं. सगळं गेलं एका दुपारी." त्यांनी रजिस्टर हळूच मिटलं. "पण मी एकदाच लिहिलं होतं हो!"

"सगळ्यांनी असंच थोडं थोडं लिहिलंय, साहेब," मी म्हटलं. "मी सोडून."

लालमनदादा दारातून आत आले. एवढ्या वर्षांत ते साहेबांच्या खोलीत न बोलावता कधी आले नव्हते. "साहेब, तुमाले तो आकडा कोनं सांगतला होता, आठोते का?"

साहेबांनी वर पाहिलं.

"मीच सांगतला. तुमी त्या जळक्या रोपात बसून रडत होते. पोरसवदा होते. मी म्हटलं, कायले रडता, एक्केचाळीस लिहा, तिथं गवतच हाय, गवत तं पुन्हा येते. तुमी लिहिलं. मंग तुमी बदलून गेले, दुसरा आला, त्याची आग लागली, तो बी मलेच इचारे, दादा, कुठं लिहू? अन् मी सांगो." त्यांनी मुंडाशाच्या टोकानं तोंड पुसलं. "तुमचं रोपवन गेलं त्याच्या पुढच्या वर्सापासून मी सांगून राहिलो का पाट जळाला नाही, जाळा लागते, आमची घरं खाली हायेत. अन् येणारा हरेक साहेब मले माहाच आकडा काढून दाखवे. मी काय बोलू? खरं बोलू तं कोनाची तरी नोकरी जाते. माह्या तोंडानं मीच पाटाले बांधून ठेवलं."

नऊ वर्षं फुलमाय गाठोडी बांधत होत्या आणि हा माणूस ती बघत होता. मला वाईट वाटलं, आणि त्यांचा रागही आला, आणि शेवटी त्यांच्याबद्दल नुसती माया वाटली. साहेबांचंही तसंच काहीसं झालं असावं. त्यांनी चहा मागवला. मग लिफाफा फाडला, कोरा कागद घेतला आणि लिहायला बसले.

"काय लिहिता, साहेब?" हरणेनं घाबरत विचारलं.

"कक्ष एक्केचाळीसच्या जुन्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. पहिली चुकीची नोंद मी स्वतः केली. पाट तातडीनं जाळायला परवानगी मिळावी. पहिली चूक माझी, तर पत्रावर पहिलं नावही माझं. बाकी नावं वर विचारतील तेव्हा बघू." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमचे अकरा ठिपके मात्र तुम्ही लिहा. मी तुमच्या वाटणीचं नाही लिहिणार."

"लिहिते, साहेब."

"आणि त्यांना जिथून उचललं तिथं परत नेऊन ठेवा."

नवा नकाशा मी दोन दिवसांत काढला. एक्केचाळीसला द्यायला त्याहून गडद लाल कॉम्प्युटरात नव्हता. छापायला वेळ नव्हता, म्हणून हाती रंगवूनच पाठवला. साहेबांना मेमो आला, मलाही एक पत्र आलं, त्यात 'अक्षम्य' हा शब्द दोनदा होता. पण त्याच टपालात परवानगीही आली. चार फेब्रुवारी. हातात अकरा दिवस.

एक्केचाळीसच्या सांगाव्याला बोरधडीत कुणी घरी राहिलं नाही. साहेब सुद्धा आले, हातात चौकीवरची थाळी घेऊन. लालमनदादा मला म्हणाले, "तुमी बी सांगा, मॅडम. तुमच्या भाषेत." मी गवतात तोंड घालून ओरडले, "उठा की रं! उद्या जाळ हाय! पळा तिकडं!" पोरं गडगडा लोळली. सशांना सांगलीची भाषा कितपत कळली माहीत नाही, पण एक ससा माझ्या पायाजवळून असा सुटला की मीच किंचाळले.

चार सकाळी चार पट्टे जाळले. नाल्याकाठची पट्टी लालमनदादांनी सोडायला लावली, "सशा-लाव्यायनं कुठं जायचं मंग?" असं म्हणून. आधी कडेनं रुंद जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून जाळून मोकळा केलेला पट्टा, मग वाऱ्याच्या उलट दिशेनं, दंव जरा उडालं की. नऊ वर्षांचं गवत कसं जळतं ते मी तेव्हा पाहिलं. दुसऱ्या दिवशी वारा एकदम फिरला आणि दहा मिनिटं जाळ वस्तीकडे तोंड करून उभा राहिला. लालमनदादा, हरणे आणि वीस-पंचवीस जण पळसाच्या डहाळ्या घेऊन तुटून पडले. आग वाकली, बसली. हरणेच्या गणवेशाची इस्त्री त्या दिवशी जी गेली ती गेलीच. फेब्रुवारीतसुद्धा असं होतं, तर एप्रिलात काय झालं असतं? 

एप्रिलच्या एकोणीस तारखेला, भर दुपारी, एकोणचाळीसमध्ये वणवा लागला. साहेबांनी पहिला जळाल्यावर लगेच पुन्हा लावलेला साग, आता दोन-तीन पुरुष उंच झालेला. आम्ही जीपनं पोचेपर्यंत रोपवन अर्धं गेलं होतं आणि वारा बोरधडीच्या दिशेनं सुटला होता. मी जीपमधून उडी टाकली आणि पळत पाटावर चढले, आणि वर जाऊन थबकले.

सगळी बोरधडी एक्केचाळीसमध्ये बसली होती. फेब्रुवारीत जाळलेल्या त्या काळ्या मातीतून बोटभर हिरवे कोंब आले होते. त्यावर शेळ्या चरत होत्या, पोरं धावत होती, आणि बाया शेंगा सोलत बसल्या होत्या. कुणाच्याच डोक्यावर गाठोडं नव्हतं. फुलमायनी मला हात केला आणि शेजारी जागा करून दिली. आग एकोणचाळीसमधून फुफाटत आली, पाटाच्या कडेला टेकली, खायला काहीच नाही म्हणून जरा घुटमळली, आणि तिथेच मेली. लालमनदादा एकटे तिच्यापुढे उभे होते, हातात डहाळी, पण ती त्यांनी वापरलीच नाही.

संध्याकाळी पाच वाजता हरणे रजिस्टर घेऊन आला. तोंड काळवंडलेलं, बाह्या फाटलेल्या. रजिस्टर मांडीवर उघडलं, पेन काढलं आणि सवयीनं लालमनदादांकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. मीही.

लालमनदादांनी माझ्याकडे बोट केलं. "आता मॅडमले इचारा. त्यायचा ठिपका जिथं पडन तिथं."

"एकोणचाळीस," मी म्हटलं.

हरणेनं साहेबांकडे पाहिलं. साहेब त्यांच्या जळालेल्या सागाकडे बघत होते, दुसऱ्यांदा गेलेल्या. मग म्हणाले, "लिही. रोपवन जळाले, अर्धे. चौकशी माझ्यावर लागू दे."

हरणेनं लिहिलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "आणि साहेब, एक्केचाळीसचं काय लिहू? आग तिथपर्यंत तर आलीच होती."

साहेबांनी पाटाकडे पाहिलं. फुलमाय शेंगांची सालं झटकून उठत होत्या, त्यांचा नातू शेळीच्या मागे पळत होता, खाली चाळीस घरांतून चुलींचा धूर निघायला लागला होता.

"लिही," ते म्हणाले. "कक्ष एक्केचाळीस. नुकसान निरंक."